आलो गं बाई, आलो!

आत्याचा आवाज असा की ती खिडकीतून एकाला हाक मारायची आणि नदीच्या पलीकडच्या काठावर चौघं मागं वळून बघायचे. गल्लीनं तिचं नाव 'भोंगा' ठेवलं होतं. अर्थात पाठीमागं, तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. तरुणपणी तिचं लग्न ठरत आलं होतं. होणारा नवरा म्हणाला, "जरा हळू बोलायची सवय कर." त्यावर ती काय म्हणाली ते गल्लीत प्रत्येकाला पाठ होतं, कारण ते प्रत्येकाला ऐकू गेलं होतं. लग्न मोडलं ते तिथंच.

भाचीचं मात्र अगदी उलट. आईवडील गेल्यावर ती लहानपणीच आत्याकडे आली आणि तिचीच होऊन राहिली. बोलायची इतकं हळू की दुकानदार दोनदा "काय?" म्हणायचा आणि तिसऱ्यांदा सांगायच्या आत ही रिकाम्या हातानं परत फिरायची. गल्ली तिला 'घुमी' म्हणायची. "तोंडात गुळणी धरलीयस का गं?" असं आत्या रोज विचारायची, आणि घुमी मान हलवायची. आज घुमी स्वतः आत्याच्या वयाला आलीय, तरी तो प्रश्न तिला अजून ऐकू येतो.

त्यांचं घर गल्लीच्या तोंडाशी, वरच्या मजल्यावर. कोपऱ्यातल्या खिडकीच्या डावीकडे नदी, उजवीकडे गल्ली, आणि खिडकीशी आत्याचं शिलाई मशीन. पडदे नि उशांचे अभ्रे शिवताना तिचा एक डोळा टाक्यावर असायचा, एक पाण्यावर. पाणी चढलं म्हणून ती घाबरायची नाही. पण इथं लख्ख ऊन असताना नदी गढूळ झाली आणि हिरव्या पानांच्या ताज्या मोडलेल्या फांद्या वाहत आल्या, की मशीन थांबायचं. म्हणजे वर कुठंतरी पावसानं थैमान घातलंय आणि ते पाणी निघालंय. हे तिला तिच्या वडिलांनी शिकवलं होतं. मग ती खिडकीची गल्लीकडची दारं उघडायची, पदर खोचायची आणि सुरू व्हायची.

"पूर आला, पळा!" असं ती कधीच ओरडली नाही. "पळा म्हटलं की माणूस आधी जागच्या जागी उभा राहतो," ती म्हणायची. ती प्रत्येकाला त्याचं त्याचं काम सांगत झापायची.

"अरे बेकरीवाल्या, आधी भट्टी विझव! पीठ राहू दे, पीठ काय रडत नाही तुझ्या नावानं! थोरल्याला पाठव घड्याळवाल्याच्या म्हातारीला उचलायला! अरे घड्याळवाल्या, जगाला वेळ सांगतोस, तुझी वेळ कधी होणार? मेन स्विच बंद कर! आईच्या गोळ्या खिशात टाक! आणि पुलाच्या रस्त्यानं जाशील तर याद राख, तो आधी बुडतो! मागच्या पायऱ्यांनी वरच्या शाळेत चढ!"

आणि घराघरातून एकच उत्तर यायचं, "आलो गं बाई, आलो!" घड्याळवाल्याचं सगळ्यात मोठ्यानं. तो नि आत्या एकाच वयाची, लहानपणापासून भांडत आलेली. बाईच्या तोंडी लागण्यापेक्षा पाय उचललेला बरा, हे गल्लीच्या अंगवळणी पडलं होतं. घरं भिजायची, भिंती पोपडे धरायच्या, पण आत्याच्या काळात गल्लीतलं एक माणूस नदीनं नेलं नाही.

भर उन्हाळ्यात, नदी आटून गोटे उघडे पडले की आत्या सगळ्यांना एकदा उगाचच शाळेत चढवायची. "तहान लागल्यावर विहीर खणणारी माणसं तुम्ही," असं म्हणत ती गल्ली हाकायची. लोक कुरकुरायचे, पण वर आत्याकडून चहा असायचा, म्हणून यायचे. काय दुपारी असायच्या त्या! पायऱ्या तापलेल्या, पोरांच्या शर्यती लागलेल्या, आणि बेकरीवाल्याच्या थोरल्यानं खुर्चीसकट उचललेली घड्याळवाल्याची आई, दोन्ही बाजूंना हात हलवत, महाराणीच्या थाटात. कोण कुणाला उचलणार, कोण कुणाचं दार वाजवणार, हे त्या हसण्याखिदळण्यातच ठरून गेलं. घुमीला आयुष्यातला सगळ्यात सुखाचा काळ विचारला तर ती त्या पायऱ्या सांगेल.

म्हातारी पुढं गेली. घड्याळवाला स्वतःच गुडघे धरून चालू लागला. आणि एका वर्षी आत्याच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशन नीट झालं, गाठ गेली, पण जाताना आवाज घेऊन गेली. घशातून नुसती हवा यायची. ज्या बाईनं कधी नाकावर माशी बसू दिली नाही, ती पाटी-खडूला हात लावेना. खुणा करायची आणि कळलं नाही की पाठ फिरवायची. गल्ली इतकी शांत झाली की नकोशी वाटायला लागली.

त्याच सुमारास नगरपालिकेनं पाण्याच्या टाकीवर खराखुरा भोंगा बसवला. लोकांनी त्याचं नाव ठेवलं 'धाकटा'. धाकट्याला दोष द्यायचं कारण नाही. वरून खबर आली की तो इमानानं वाजायचा. पण दर आठवड्याला तो चाचणीसाठीही वाजायचा, आणि त्या पावसाळ्यात दोनदा खरा वाजला तेव्हा पाणी काठाला लागून परत गेलं. लोक गाठोडी घेऊन चढले आणि गाठोडी घेऊन उतरले. झालं, लांडगा आला रे आला!

तिसऱ्यांदा धाकटा वाजला तो दुपारी. ऊन पडलं होतं. आत्यानं डावीकडे पाहिलं: गढूळ पाणी, आणि त्यावर हिरव्या फांद्या. मशीन थांबलं. तिनं उजवीकडे पाहिलं: बेकरीवाला पीठ मळतोय, घड्याळवाला डोळ्याला भिंग लावून बसलाय. "वाजू दे, वाजतोच तो," कुणीतरी म्हणालं.

आत्यानं पदर खोचला, खिडकीबाहेर वाकली आणि तोंड उघडलं. गळ्याच्या शिरा ताठ झाल्या. आवाज आला नाही. तिनं पुन्हा तोंड उघडलं. ते बघणं घुमीला सहन झालं नाही. ती पुढं झाली.

"काका, जरा ऐकता का? पाणी येतंय... वर गेलात तर बरं होईल."

घड्याळवाल्यानं मान वर केली. "काय?"

"पाणी येतंय हो, काका."

"काय?"

तिसऱ्या वेळी घुमी परत फिरते, हे गल्लीला माहीत होतं. आत्यालाही. तिनं घुमीच्या दंडाला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं. आणि घुमी फिरली नाही.

"अरे घड्याळवाल्या! जगाला वेळ सांगतोस, तुझी वेळ कधी होणार? मेन स्विच बंद कर! गोळ्या खिशात टाक! पुलाच्या रस्त्यानं जाशील तर याद राख!"

"आलो गं बाई, आलो!" म्हणत घड्याळवाला उठलासुद्धा. दारात येऊन मग थबकला आणि भिंगाच्या डोळ्यानं वर बघत राहिला.

"बघतोस काय? आणि बेकरीवाल्या, भट्टी! थोरला कुठाय? उचल म्हणावं ह्याला!"

घुमी ओरडत जिना उतरली आणि ओरडतच दारोदार गेली. इतक्या वर्षांत ऐकलेलं सगळं तिच्या पोटात साठून होतं. आता ते शब्दाला शब्द बाहेर पडत होतं. गल्ली हलली. गाठोडी, पोरं, शेवटी थोरल्याच्या पाठीवर घड्याळवाला, सगळे मागच्या पायऱ्यांना लागले. पाणी गल्लीच्या तोंडाशी आलं होतं.

शेवटी पायऱ्यांवर पाय ठेवताना घुमीनं मागं पाहिलं. आत्या अजून खिडकीतच होती, एकेक दार नजरेनं तपासत. ती नेहमीच शेवटी निघायची. निघायचीच, म्हणून तिला बोलवावं असं कुणाच्या मनात आलं नव्हतं. तिनं जन्मभर सगळ्यांना हाका मारल्या. तिला कुणी कधी हाक मारली नव्हती.

घुमी तशीच मागं धावली, घोट्याभर पाण्यात उभी राहिली.

"आत्या! मशीन काय रडत नाही तुझ्या नावानं! उतरतेस की येऊ वर?"

आत्या दचकली. आधी रागानं, मग वेगळंच काहीतरी होऊन तिनं खाली पाहिलं. तिचे ओठ हलले. आवाज नव्हता, पण घुमीला शब्द नीट कळले.

"आले गं बाई, आले."