बोअरचं पाणी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही — देवासमोर हात जोडतानासुद्धा या विषयाला बगल देऊन पुढे जाते. आज तुम्ही समोर बसला आहात असं समजून सांगते. मध्येमध्ये अडखळेन.

नव्वदच्या दशकात आम्ही कोपरखैरण्याला बैठ्या घरांच्या एका गल्लीत राहायचो. नवरा तुर्भ्याच्या कारखान्यात होता. शेजारी हिरामावशी — साठीच्या, आडवं लुगडं नेसणाऱ्या, मूळच्या इथल्याच आगरी. त्यांची भातशेती नवं शहर वसवताना सरकारने घेतली होती. उरले होते घरामागचे खाटेएवढे तीन वाफे. पण तेवढ्यात त्या बाईने काय नाही पिकवलं? दुधी, शिराळी, भेंडी, चवळी. गल्लीत कुणाकडे पाहुणे आले की मावशींच्या मांडवाखालून काहीतरी जायचंच.

आणि मी? मी साताऱ्याकडची, शेतकऱ्याची मुलगी. आल्या आल्या गल्लीभर सांगून बसले होते — बघाच, मागच्या अंगणात मळा फुलवते की नाही. पहिल्याच वर्षी माझी भेंडी वीतभर वाढून पिवळी पडली. मावशी सगळ्या बायकांसमोर हसून म्हणाल्या, "शेतकऱ्याची लेक बोलतेस, आनि येक भेंडी नाय गो?" बायका हसल्या. मीही हसले. चारचौघांत हसतो ते नेहमी मनापासूनच असतं का? ते बोलणं माझ्या डोक्यात घर करून बसलं. मावशींच्या मनात काही नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं.

दोन-तीन वर्षांनी, मे महिन्यात, मावशींच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. त्यानंतर महिनाभर वाकायचं नाही, धुळीत जायचं नाही, म्हणून मुलगी त्यांना उरणला आपल्या घरी नेणार होती. निघताना मावशींनी माझा हात धरला. "बाय, नलाचाच पानी घाल. बोअरचा नको, तो खारा हाय. माजी झाडां मरतील." मी म्हणाले, निर्धास्त जा.

नळाला एरवी सकाळी तासभर पाणी यायचं, त्या उन्हाळ्यात अर्धा तास. गल्लीच्या टोकाला बोअरचा हातपंप होता, फरश्या आणि संडास धुण्यापुरता. खाडी जवळ, त्यामुळे मे महिन्यात ते पाणी तोंडात धरवत नसे.

पाणी कमी होतं — हे कारण मी इतकी वर्षं स्वतःलाच देत आले. ते खोटं आहे. दोन घागरी त्यांच्या वाफ्यांना पुरल्या असत्या, आणि तेवढं गोडं पाणी माझ्याकडे रोज उरायचं. ते मी माझ्या दुधीला घातलं. मावशींच्या वाफ्यांना घातलं बोअरचं. गल्ली उठायच्या आत पंपावरून भरून ठेवायचे आणि रोज संध्याकाळी, सगळ्यांच्या देखत, दोन बादल्या ओतायचे. बायका म्हणायच्या, पोटची पोर करणार नाही एवढं ही करते. मला ते ऐकायला आवडायचं. आठवडाभरात चवळीच्या पानांच्या कडा करपल्या, शिराळीचा शेंडा वाळला. मी थांबले का? मातीवर पांढरा पापुद्रा धरला तरी ओतत राहिले.

आणि याहून वाईट — हे लिहितानाही हात मागे येतो — मावशी परत यायच्या आदल्या दिवशी मी खुरपं घेतलं आणि तो पांढरा थर खरवडून काढला. टोपलीत भरला, लांब नाल्यात टाकून आले. खाऱ्या जमिनीत जन्म काढलेली बाई ती, मीठ तिला बघताक्षणी ओळखू आलं असतं. नकळत चूक झालेला माणूस असं खरवडत बसतो का?

मावशी काळा चष्मा लावून आल्या. वाळक्या मांडवाखाली उभ्या राहिल्या. त्यांचा पडलेला चेहरा बघून मला बरं वाटेल असं वाटलं होतं — आणि खोटं कशाला बोलू, क्षणभर वाटलंही. त्या वळल्या आणि माझीच समजूत काढायला लागल्या. "तू काय करशील बाय, ऊनच तसा. झाडांना मानूस कलतो. मी सोडून गेले, ती मेली." उरणहून माझ्यासाठी सुकटीची पुडी आणली होती. मी ती घेतली.

गोष्ट इथे संपली असती तर कदाचित मी विसरूनही गेले असते. पावसाळ्यात मावशींनी पुन्हा बी टाकलं, मांडव पुन्हा हिरवा झाला. पण डाव्या डोळ्याचं ऑपरेशन राहिलं होतं. पुढच्या उन्हाळ्यात मुलाने ते ठरवलं आणि मावशी जायला तयार होईनात. मागे सोडून गेले तेव्हा काय झालं ते बघितलं ना, एवढंच म्हणायच्या. मुलगा, महादू, नोकरीमुळे दुसरीकडे राहायचा; तो येऊन समजावून थकला. शेवटी माझ्याकडे आला. "वहिनी, तुमचा ऐकंल ती. तुमीच सांगा. डॉक्टर बोलतो, आता थांबला तर डोला जाईल."

एक वाक्य पुरलं असतं. मावशी, तुम्ही गेलात म्हणून झाडं मेली नाहीत, मी मारली. ते अगदी ओठांवर आलं होतं, असं सांगायला मला आवडलं असतं. आलं नव्हतं. महादूला चहा करून दिला आणि म्हणाले, त्यांच्या मनाविरुद्ध कशाला, राहू दे.

त्याच वर्षी डावा डोळा गेला. मोतीबिंदू आतल्या आत पिकून फुटला, डॉक्टर म्हणाले आता काही उपयोग नाही. मावशी त्यानंतरही रोज वाफ्यांत वाकायच्या, मान तिरकी करून पान न् पान बघायच्या. गल्लीत त्या समोरून येताना दिसल्या की मी हळूच त्यांच्या डाव्या बाजूला सरकायचे. त्या बाजूने गेलं की मी त्यांना दिसत नव्हते.