फोटोकाकांचा अंगठा

फोटोकाकांच्या डोळ्यांपेक्षा त्यांचा अंगठा हुशार होता. नवरदेव मांडवाच्या सावलीतून उन्हात येतोय, काका कॅमेरा डोळ्याला लावून "मान वर घ्या जावईबापू" म्हणतायत, आणि तेवढ्यात बोटाने उजेड अधिक-उणे करायचं बटण दाबून अंगठा मागचं चाक फिरवून मोकळा! टिक, टिक. उजेड कमी नाही की जास्त नाही. वर्ध्यात डिजिटल कॅमेरे नवे होते तेव्हा बाकीचे फोटोग्राफर आधी फोटो काढायचे, मग बघून चुकचुकायचे, मग "पुन्हा एकदा हसा" म्हणायचे.

"कॅमेरा लय भोळा राह्यते बाप्पा," काका सांगायचे. "पांढरं दिसलं का भेते, अंधार करते. काळं दिसलं का कीव येते त्याले, उजेड ओतते. त्याले ताळ्यावर आणा लागते." बाजारातल्या कापसाच्या ढिगाचा कुणी काढलेला फोटो राखेसारखा आला होता. काकांनी चाकाच्या तीन टिचक्या अधिक दिल्या, तेव्हा कुठे तो कापूस दिसला.

मी सावळी. सावळी कसली, चांगली काळी! स्थळांना पाठवायचा माझा फोटो आईने दुसऱ्या एका स्टुडिओत गोरा करून घेतला होता. त्याच्यावर भुलून दोन स्थळं घरी आली, पोहे खाऊन, माना खाली घालून गेली. दुसऱ्या वेळी मुलाच्या मावशीने दारात मलाच विचारलं, "पोरगी कुठं हाय?" दोन दिवस मी शाळेत शिकवायला गेले नाही.

मग आई मला काकांकडे घेऊन गेली. "भाऊ, गोरी आली पाह्यजे." काकांनी मला काळ्या पडद्यापुढे बसवलं आणि विचारलं, "तुले कशी पाह्यजे?" हे मला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. "आहे तशी," मी म्हटलं. कॅमेऱ्याला कीव यायच्या आत अंगठा फिरला, दोन टिचक्या उणे. फोटोत मीच होते. काळी, तुकतुकीत, आणि काय सांगू, छान!

आई भडकली. "मले पोरगी उजवाची हाय भाऊ, का घरात ठेवाची हाय?"

"वहिनी, ज्याले नाई म्हणाचं हाय तो घरूनच म्हणते," काका शांतपणे म्हणाले. "तुमचे पोहे तरी वाचतीन."

वाचले. चौघांनी फोटो पाहूनच नकार कळवला. मला काही वाटलं नाही असं म्हणणार होते, पण खोटं कशाला बोलू, वाटलं. पाचवा कारंज्याहून आला. दार मीच उघडलं. "तुम्हीच ना?" म्हणाला आणि ओळखीचं हसला. पोहे दोनदा घेतले मेल्याने. संसार चाललाय अजून.

काका गेले तेव्हा मी माहेरी होते. आई माझ्यासोबत त्यांच्या घरी आली. भर दुकानात त्यांच्याशी भांडलेली माझी आई काकूंचा हात धरून ढसाढसा रडली.

"माह्या पोरीले मीच लपवून राह्यली होती बाई," ती म्हणाली. "त्यायनं दाखवलं तिले."