काउंटरवरची हाक

नव्वदच्या दशकात, ओहायोतल्या डब्लिनमध्ये, आमच्या शेजारी वेल्सहून आलेली एक म्हातारी एकटीच राहायची. तिच्या वेल्श भाषेत जवळच्याला ‘ती’, म्हणजे ‘तू’, म्हणतात आणि मान द्यायचा त्याला ‘ची’, म्हणजे ‘तुम्ही’, हे तिनेच मला सांगितलं. स्वतःच्या वडिलांना ती शेवटपर्यंत ‘ची’ म्हणत आली. आमच्याकडेही तसंच, मी म्हटलं. माझे बाबा तेव्हा नागपूरहून सहा महिन्यांसाठी आले होते. अंगणात भेट झाली की ते हात जोडायचे, ती मान झुकवायची.

बाबा निवृत्त मुख्याध्यापक. त्यांच्या आजोबांचे केस पिकले तरी गावातली शेंबडी पोरं त्यांना अरे-तुरे करायची, कारण आमची जात. बाबांनी ते डोळ्यांनी पाहिलं होतं. ‘गुरुजी’ ही हाक त्यांनी शिकून, शिकवून कमावली होती.

छातीत दुखतं म्हणून मी त्यांना क्लिनिकमध्ये नेलं. काउंटरवरच्या विशीतल्या मुलीने नुसतं नाव घेऊन मोठ्यांदा हाक मारली. बाबा उठले नाहीत. तिने पुन्हा मारली.

“बाबा, इथे सगळ्यांनाच नावाने बोलावतात. मी बॉसलाही नावानेच हाक मारतो. समताच आहे ही,” मी म्हणालो. मोठा आलो होतो समता शिकवणारा, तीही त्यांना.

ते उठले. डॉक्टरांनी पुढच्या तपासण्या लिहून दिल्या, त्यांची अपॉइंटमेंटही ठरली. घरी आल्यावर बाबा म्हणाले, “आता बरं वाटतंय. ती अपॉइंटमेंट कॅन्सल कर.”

का, ते मला कळत होतं. तरी मी वैतागलो आणि कॅन्सल केली.

शेजारणीला हे समजलं तेव्हा तिने मला चांगलंच फैलावर घेतलं. तिचा नवरा चर्चमध्ये धर्मोपदेशक होता. शेवटच्या आजारात हॉस्पिटलमधल्या तरुण नर्स त्याला लहान मुलासारखं लाडाच्या नावाने बोलवायच्या. हळूहळू तो बोलेनासाच झाला.

“मी गप्प बसले,” ती म्हणाली. “तू बसू नकोस. क्लिनिकला फोन करून पुन्हा अपॉइंटमेंट घे, या गृहस्थांना मिस्टर म्हणा म्हणून सांग.”

करतो म्हटलं. आधी प्रोजेक्टची डेडलाइन आली, मग बर्फ. तेवढ्यात बाबांचे सहा महिने भरले.

नागपूरला परतल्यावर दीड महिन्यात ते हार्ट अटॅकने गेले.

म्हातारी भेटायला आली, बराच वेळ बसली, त्या फोनबद्दल तिने अवाक्षर काढलं नाही. काउंटरवरच्या त्या मुलीचा मला कधीच राग आला नाही. तिला बिचारीला काय माहीत? मला सगळं माहीत होतं.