बिनहाताची हातगाडी : सोलापूर ते बार्शी

सोलापूर सोडताना पहिलं संकट आलं ते जकात नाक्यावर. आमची गाडी कोणत्या रकान्यात लिहायची, हे तिथल्या कारकुनाला ठरवता येईना.

“बैल कुटं हायत?” त्यानं विचारलं.

“बैल नाहीत. विजेवर चालते.”

“मग मोटार म्हना की. नंबर कुटं हाय?”

“मोटारही नाही. घरी केलीय.”

त्यानं गाडीभोवती दोन चकरा मारल्या, एका चाकावर लाथ मारून पाहिली आणि पावतीवर लिहिलं : ‘हातगाडी (बिनहाताची)’. माझ्या संशोधनाची कागदोपत्री झालेली ही पहिली आणि शेवटची नोंद.

मी तंत्रशाळेत ड्रॉइंग शिकवतो. ज्याला साधा स्क्रू सरळ पिळता येत नाही तो ड्रॉइंग मास्तर होतो, असं आमचे वर्कशॉपवाले मास्तर म्हणायचे. त्यांचे दात घशात घालायचे म्हणून मी ही तीनचाकी केली. मागे हातगाडीची दोन चाकं, पुढे दूधवाल्याच्या मोडक्या सायकलीचं एक. ट्रकचा जुना डायनामो (बॅटरी भरणारं यंत्र) घेतला. त्याला उलटी वीज दिली की तो मोटारीसारखा फिरतो. दोन ट्रकच्या बॅटऱ्या, एक साखळी आणि बंद पडलेल्या यंत्रमागावरचा स्विच. पेट्रोलचे भाव भडकल्यापासून सगळं गाव नुसतं हळहळत होतं. मी निदान लोखंड कापत होतो.

पण गाडी खरी केली ती आमच्या शेजारच्या नरसय्यासाठी. तो वीस वर्षं एका शेठजींच्या पेढीवर सुताची आणि चादरींची हातगाडी ओढत होता. डॉक्टरांनी त्याची छाती तपासून सांगितलं, आता ओझं ओढलंस तर पुढची दिवाळी बघणार नाहीस. शेठजींना हे कळलं तेव्हा त्यांनी फार हळहळून दुसरा माणूस शोधायला घेतला. विजेवर चालणारी गाडी करून देतो, असं म्हणून मी मध्ये पडलो. तेव्हा त्यांनी अट घातली, “चाळीस चादरी बार्शीच्या दुकानात पोचवा. दिवे लागायच्या आत. आणि नरसय्यानं ओढायची नाही. जमलं तर त्याचं काम त्याला.” सोलापुरातल्या सोलापुरात फिरायच्या गाडीची परीक्षा बार्शीला कशाला, हे विचारायची सोय नव्हती. चादरी तशाही बार्शीला जायच्याच होत्या. फुकट जात असतील तर शेठजींना का नको?

दसरा चार दिवसांवर होता. पहाटे निघालो. मी पुढे हँडलवर, नरसय्या मागे चादरींच्या गठ्ठ्यावर. चढ आला की तो गठ्ठ्याला थोपटून म्हणे, “मेल्लगा, मेल्लगा (तेलुगूत : हळू, हळू).” हे मला उद्देशून नसे, गाडीला असे. मुळात ती याहून हळू जाऊ शकत नव्हती. वडाळ्याजवळच्या चढावर एका म्हातारीनं डोक्यावरच्या भाऱ्यासकट आम्हाला मागे टाकलं आणि वळून विचारलं, “बिघडलीया व्हय?”

“नाही आजी, चालू आहे.”

“असंल, असंल,” असं म्हणून ती पुढे गेली.

दोन्ही बाजूंना ज्वारीच्या पेरण्या चालल्या होत्या. दुष्काळ सरून वर्ष झालं होतं आणि लोकांच्या तोंडावर हसू परत आलं होतं. त्यातलं बरंचसं त्या दिवशी आमच्यावर खर्च झालं.

दहाच्या सुमाराला वैरागला पोचलो तेव्हा बॅटऱ्यांनी मान टाकली होती. तिथल्या पिठाच्या गिरणीत ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या भरायची सोय होती. गिरणीवाले आण्णा लाख माणूस. तीन तास वीज दिली, वर कडक भाकरी, शेंगांची चटणी आणि तेल सुटलेलं वांगं खाऊ घातलं. चटणी इतकी झणझणीत की मला बॅटरीतल्या ॲसिडची आठवण झाली. पण निघताना आण्णा नारळ घेऊन आले.

“नवं मशीन पयल्यांदाच आमच्या दारात आलंय. नारळाबिगर जाऊ द्यायचं न्हाय.”

“चाकाखाली ठेवा, आण्णा.”

“छ्या! चाक काय करतंय? मान त्या मोटारीचा!” आणि मी ‘अहो, अहो’ म्हणेपर्यंत त्यांनी नारळ डायनामोच्या कडेवर दाणकन फोडला. भोकांतून पाणी आत गेलं. चारी बाजूंनी जयजयकार झाला. मी फडक्यानं बाहेरचं तेवढं पुसलं. ज्याच्या घरची वांगी नुकतीच खाल्ली, त्याच्यासमोर मोटार उघडून बसायची लाज वाटली. ही चूक माझीच.

मोटार दोन तास कुरकुरत चालली. मग तिनं खोबरं भाजल्यासारखा वास सोडला, दोन ठिणग्या टाकल्या आणि ती थांबली. शेजारी दगड होता : बार्शी ७ कि.मी.

नरसय्या खाली उतरला, पुढे आला आणि हँडल धरलं. वीस वर्षांची सवय. हात आपोआप जागेवर बसले.

“सोड,” मी ओरडलो. “वर बस.”

“मास्तर, तुमास्नी जमायचं न्हाय.”

“तू ओढलीस तर अट मोडली. वर बस म्हणतो ना!”

तो वर बसला आणि रडायला लागला. मी हँडल धरून ओढायला लागलो. ओढणाऱ्याला रडायला श्वास उरत नाही, हे मला पहिल्या चढावरच कळलं. मी शेकडो पोरांना चाक, आस आणि भार यांच्या आकृत्या काढायला शिकवल्या. भाराचा बाण मी नेहमी लाल शाईनं काढतो. तो बाण खांद्यात कुठे घुसतो, हे त्या दिवशी समजलं. जकातवाल्या कारकुनाचीही आठवण झाली. बिचाऱ्याला पावती दुरुस्त करावी लागली असती.

बार्शीच्या पेठेत शिरलो तेव्हा ऊन भिंतींवर होतं. शेठजींचे दिवाणजी दुकानाच्या पायरीवर उभे होते. गठ्ठ्यावर राजासारखा बसलेला हमाल आणि हँडलला लोंबकळणारा घामाघूम मास्तर त्यांनी नीट पाहिला. त्यांनी चादरी मोजल्या, मला तांब्याभर पाणी दिलं आणि चिठ्ठी लिहिली : ‘माल वेळेत पोचला. गाडी नरसय्याने ओढली नाही.’

“खोटं काय हाय यात?” ते म्हणाले आणि आत गेले.

दुसऱ्या दिवशी मोटार उघडून रॉकेलनं धुतली, उन्हात वाळवली. परतीच्या वाटेवर रिकामी गाडी अशी सुरेख धावली की मला तिच्या थोबाडीत मारावीशी वाटली. बघायला कोणी नव्हतं. शेठजींनी चिठ्ठी दोनदा वाचली, मान हलवली आणि दिल्या शब्दाला जागले. तेवढं त्यांचं मानलं पाहिजे.

खंडेनवमीला नरसय्यानं मला अंगणात बोलावलं. गाडी झेंडूनं सजवली होती. त्यानं आधी डायनामोला कुंकू लावलं, मग बॅटऱ्यांना, साखळीला, स्विचला. शेवटी माझ्यापुढे आला आणि तेच बोट माझ्या कपाळाला टेकवलं.

नारळ मात्र त्यानं अंगणाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन फोडला.