चार वाजता रडणारा माणूस

माझा भुतांवर विश्वास नाही. फक्त कुवेतच्या आमच्या इमारतीतल्या एका भुताचं रडणं मी स्वतःच्या कानांनी ऐकलं आहे.

त्या उन्हाळ्यात मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत एक कॉम्प्रेसर बसवायला मोरीतासान नावाचे जपानी इंजिनियर आले होते. त्यांना हॉटेलवरून नेण्या-आणण्याचं काम माझ्याकडे होतं. मोरीतासान बोलत नसत. गाडीत बसले की फोन जोडायचे आणि पुरुषांनी गायलेली ताटातुटीची जपानी गाणी लावायचे. सगळ्या गाण्यांत एकच माणूस असावा. बाई दार ओढून निघून जाते तोवर हा तोंडातून शब्द काढत नाही, आणि ती गेली की चार मिनिटं धाय मोकलून रडतो! ऑफिसात कळलं, मोरीतासानांची बायकोही अशीच सोडून गेली होती (माहेरी नव्हे, कायमची). एका गाण्याला तर ते हटकून खिडकीकडे तोंड वळवत. मी नेटवर अर्थ शोधला, तर त्यात तो माणूस रिकाम्या घरात उभा राहून म्हणतो, तुझा टूथब्रश इथेच राहिलाय, निदान तो न्यायला तरी ये.

मला भरून आलं. त्यांच्या निरोपाच्या जेवणाला हेच गाणं गायचं असं मी ठरवलं. शब्द देवनागरीत उतरवून घेतले. माझी बायको मेधा नर्स आहे. ती दुपारच्या ड्यूटीला गेली की घर माझं. चार वाजता मी बाथरूममध्ये दार लावून रियाज करू लागलो, कारण तिथे आवाज घुमतो आणि आपण बरे गातो असं वाटतं. एकदा जुन्या फोनवर रेकॉर्डही केलं. ऐकलं मात्र नाही. आपलंच कौतुक आपण काय करायचं!

खालच्या मजल्यावर पल्लवी राहते. तिला आठवा महिना होता, नवरा निखिल शिफ्टवर, आणि बाळंतपणासाठी तिची आई सांगलीहून आली होती. एके दिवशी या मावशींनी मला जिन्यात गाठलं.

"जयंतराव, या घरात कुणी गेलंय का हो?"

"म्हणजे?"

"रोज चारच्या सुमाराला न्हाणीघराच्या भिंतीत एक पुरुष रडतो. भाषा आपली नाही. अरबीपण नाही. बायको गेल्यासारखा रडतो बघा."

मी हसलो. पण मावशी हसत नव्हत्या. "मी या घरात लेकीचं बाळंतपण करणार नाही. घर बदला, नाहीतर मी चालले सांगलीला."

पन्नास अंशाच्या उन्हात, आठव्या महिन्यात घर कसं बदलायचं? पल्लवी मागे भिंतीला टेकून उभी होती. तिचं बीपी वाढलं होतं, चेहरा उतरला होता. या पोरीला परक्या देशात आईशिवाय बाळंत व्हावं लागणार, या विचारानं मला खरंच वाईट वाटलं. मी म्हणालो, "उद्या चार वाजता मी स्वतः येऊन उभा राहतो."

उभा राहिलो. काही नाही. दुसऱ्या दिवशीही काही नाही. तिसऱ्या दिवशी मला रियाज बुडवणं परवडणार नव्हतं, म्हणून गेलो नाही. त्या दिवशी म्हणे ते दुपटीनं रडलं!

"तुम्हाला भितंय ते," मावशी म्हणाल्या. "बाळ होईपर्यंत रोज चारला येत जा, दादा."

खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. ऑफिसात मला साधा स्टोअरकीपर भीत नाही.

चौथ्या दिवशी धुळीचं वादळ उठलं. पावणेचारलाच आभाळ हळदीसारखं पिवळं झालं, मग तांबडं, मग समोरच्या इमारती दिसेनाशा झाल्या. दिव्यांचा उजेडही मळकट पडत होता. मी पल्लवीच्या बाथरूममध्ये उभा होतो. दाराशी मावशी आणि पल्लवी एकमेकींचे हात धरून. आवाज असा कुठलाच नव्हता, फक्त वाळू काचेवर घासत होती.

आणि छताजवळच्या एक्झॉस्टच्या जाळीतून तो आला.

आधी नुसता श्वास. मग एक लांब, घोगरा हुंदका. मग शब्द. माझ्या मानेवरचे केस उभे राहिले, कारण ते शब्द मला येत होते. टूथब्रशचंच गाणं! हे गाणं कुवेतमध्ये दोनच माणसांना येत होतं. त्यातला एक मी, आणि मी तर इथे उभा होतो. म्हणजे मोरीतासान गेले.

मी लगेच त्यांना फोन लावला. तो उचलला गेला!

"मोरीतासान, आर यू अलाइव्ह?"

"येस," ते म्हणाले. "व्हाय?"

वर तो रडतच होता. मी मावशींना बाजूला सारून आधी बाहेर पळालो (गरोदर बाईला वाट द्यायला हवी होती, हे नंतर सुचलं) आणि हॉलमधल्या सोफ्यामागे मारुतीचं नाव घेत बसलो.

तेवढ्यात बेल वाजली. दारात मेधा, हातात माझा जुना फोन आणि स्पीकर.

"ऐकू आलं का?" तिनं शांतपणे विचारलं. "आज सुट्टी होती. फोनमध्ये हे सापडलं. तुमच्या भुताचं जयंतनं सांगितलंच होतं. म्हटलं, आपल्या जाळीजवळ लावून बघू, खाली जातं का. दोन्ही बाथरूमचा हवेचा शाफ्ट एकच आहे ना." मग सोफ्यामागे वाकून म्हणाली, "जयंत, तू कुणाला घाबरलास?"

पल्लवी इतकी हसली की तिला पोट धरून खाली बसावं लागलं. मावशींनी सांगलीला जायचा विषय तिथेच सोडला. मग त्या स्वयंपाकघरात गेल्या, मीठ-मोहऱ्या आणि मिरच्या मुठीत घेऊन आल्या. वाटलं, लेकीची दृष्ट काढणार. पण त्यांनी मेधाला पाटावर बसवलं.

"अहो, मला कशाला, मावशी?"

"बस गं," मावशी म्हणाल्या. "आम्हाला रोज पाचच मिनिटं ऐकायला लागायचं. तू तर त्याच्याबरोबर राहतेस."