आण्णाच्या शेतांची यादी

स्वारगेटच्या सिग्नलला थांबलो होतो, तेव्हा वैनीचा फोन आला. "भावजी, मी हलवतीय ह्यांना, हे उठंनात..." मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या आणि मी हिरव्या दिव्याकडे बघत नुसता बसून राहिलो. हडपसरच्या घरी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. त्याला आता पाच आठवडे झाले. लोक म्हणतात, झोपेत गेला, भाग्याचा. असेल. पण माझ्या थोरल्या भावाबद्दल लिहायचं तर मला त्याच्या कॉम्प्युटरपासूनच सुरुवात करावी लागते, कारण त्या बाबतीत मी त्याचा अपराधी आहे.

आण्णा कारखान्यात टाइमकीपर होता. मराठी टायपिंग तरुणपणी क्लासला जाऊन शिकलेला. निवृत्त झाल्यावर त्याने कॉम्प्युटर घेतला आणि एकच काम धरलं, आमच्या भावकीच्या सगळ्या शेतांची नावं लिहून काढायची. सातबाऱ्यावर नुसते गट नंबर असतात, नावं फक्त तोंडात. चिंचेचं, पाणंदीकडलं, भुताचा मळा... आता तिथे टॉवर उभे आहेत आणि त्यांची नावं इंग्रजी आहेत. कोणत्या वावरात काय पिकायचं, कुणाची बांधावरून डोकी फुटली, हे तो नावापुढे दोन ओळींत लिहायचा. दर दसऱ्याला कॉम्प्युटरच्या डब्यावर हळदीकुंकवाचं स्वस्तिक काढून झेंडू वाहायचा. जुनं पुसायचा नाही, शेजारी नवं काढायचा. अशी बारा झाली होती.

मग मशीन थकलं. सुरू होईपर्यंत चहा पिऊन कप विसळून व्हायचा. दुरुस्तीवाला म्हणाला, हार्ड डिस्क बदला, मेमरी वाढवा, अजून चार वर्षं मरण नाही. आण्णाला तेच हवं होतं. पण मी आयटीतला. असल्या गोष्टी घरात मला विचारल्या जायच्या आणि मला ते आवडायचं. मी म्हणालो, "म्हाताऱ्या बैलाला नवी झूल घालून काय होतंय, आण्णा?"

तो हसला नाही. "आपल्या घरातनं म्हातारा बैल बाजाराला गेला न्हाय कधी," एवढंच बोलला.

तरीही त्याच्या वाढदिवसाला मी नवा घेऊन गेलो. फाइली उतरवल्या आणि जुना त्याच दिवशी भंगारात दिला. ती यादी ज्या जुन्या मराठी फॉन्टमध्ये होती, तो फॉन्ट त्या मशीनबरोबर गेला हे मला सुचलंच नाही. आण्णाने यादी उघडली तर पडद्यावर इंग्रजी अक्षरं आणि कसली कसली चिन्हं. तो बराच वेळ बघत बसला. "बघतो मी," म्हणालो. पुढे प्रत्येक फोनला "बघतो" म्हणालो. सात महिने.

तो मात्र थांबला नाही. आठवून आठवून पुन्हा लिहू लागला. नव्यात अक्षरांच्या जागा वेगळ्या. जन्मभर दहा बोटांनी टाइप करणारा माणूस एका बोटाने अक्षरं शोधत बसायचा. एकदा त्याचा फोन आला, "बापू, इहिरीपल्याडच्या तुकड्याला आपण काय म्हणायचो रं?" मी मीटिंगमध्ये होतो. "नंतर सांगतो," म्हणालो आणि ठेवला.

तेराव्यानंतर ती जुनी फाइल घेऊन मी शनिवार पेठेत जुन्या फॉन्टांत लग्नपत्रिका टाइप करून देणाऱ्या एका बाईंकडे गेलो. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "अहो, पाच मिनिटांचं काम आहे हे. इतके दिवस मुहूर्त बघत होतात का?" खरोखर पाचच मिनिटं लागली. बाहेर येऊन मी गाडीला टेकून रडलो. माणसं बघत होती.

हल्ली रविवारी त्याच्या खोलीत जाऊन बसतो. नवा डबा कोराच आहे, दसऱ्याआधीच तो गेला. मी दोन्ही याद्या शेजारी शेजारी उघडतो. जुन्या यादीत विहिरीपलीकडच्या तुकड्याचं नाव आहे, धाकल्याचं वावर. माझ्या जन्माच्या वर्षी वडिलांनी ते पहिल्यांदा नांगराखाली आणलं म्हणून. नव्या यादीत तिथे नुसती टिंबं आहेत आणि पुढे कंसात लिहिलंय, "बापूला विचारणे." खरंच विसरला होता, की मी यावं म्हणून विचारत होता... आता कळायचं नाही.

"भरून टाका की भावजी," वैनी म्हणते. मी टाइप करतो, बघतो आणि पुसून टाकतो. ते नाव मला तेव्हाही ठाऊक होतं.