तिथं आपलं माणूस

आमच्या घरात पोरीच्या शिक्षणासाठी देश निवडला तो स्थळ पाहतात तसा. पोरीनं वर्षभर खपून दोन विद्यापीठांची पत्रं मिळवली होती, एक आयर्लंडचं आणि एक जर्मनीचं. तिला आयर्लंड हवं होतं. का हवं, ते तिनं बापाला दोनदा समजावून सांगितलं. विषय तिच्या आवडीचा, प्रयोगशाळा चांगली, शिकवणारे नावाजलेले. बापानं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "तिथं आपलं कोन हाये?"

आयर्लंडमध्ये आमचं कोणी नव्हतं. जर्मनीत होतं. नवऱ्याच्या अकोल्याच्या मावसभावाचा मुलगा तीन वर्षांपूर्वी तिकडे शिकायला गेला होता. झालं, विषय संपला. आमच्या शेंदूरजनाघाटकडच्या लोकांत हा कायदाच आहे. ज्या गावात ओळखीचं एक तरी घर नाही, तिथं लेक द्यायची नाही. माझी सोयरीकही अशीच ओळखीच्या घरावरून झाली, आणि त्या घरानं सासूबाईंच्या स्वभावाबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. ओळखीचा चोर जिवे न सोडी, असं मी नवऱ्याला म्हणूनही पाहिलं. पण मी तिवशाच्या ज्या शाळेत शिकवते, तिथला माझा दरारा घराच्या उंबऱ्यावर संपतो.

एक गोष्ट मला खटकत होती. या मावसभावाचा एरवी वर्षातून एकदा, दिवाळीला फोन. पण पोरीची पत्रं आल्याचं कळल्यापासून तो दर आठवड्याला फोन करू लागला. "जर्मनीलेच पाठवा. आमचा पोरगा हाये ना तिथं, सारं पाहून घेईन." पोरीनं त्या मुलाला चार मेसेज टाकले. त्यानं ते वाचल्याचं फोनवर दिसत होतं, उत्तर मात्र एकाचंही नव्हतं. नवरा म्हणाला, अभ्यासात असन. पोरगी म्हणाली, "बाबा, तीन आठवडे?"

शेवटी मे महिन्यातल्या एका रविवारी आम्ही तिघं अमरावतीहून अकोल्याला गेलो. अकोल्याचं ऊन काही सांगायला नको. घरात शिरलो तेव्हा डोळ्यांपुढे अंधारी आली होती. मावसभावानं आम्हाला कूलरसमोर बसवलं आणि जर्मनी सुरू केली. गाड्या कशा मिनिटावर सुटतात, नळाचं पाणी तसंच कसं पितात, रस्त्यावर कागद दिसत नाही. हा माणूस नागपूरच्या पुढे कधी गेलेला नाही. मग त्यानं फोनमधले मुलाचे फोटो दाखवले. पंधराएक होते. सगळ्यांत मुलगा त्याच निळ्या जॅकेटमध्ये आणि मागे बर्फ.

"काका, आत्ताचा नाही का एखादा?" पोरीनं विचारलं.

"हेच तं हायेत," म्हणत त्यानं फोन खिशात टाकला.

"मग लावा ना त्याला फोन. मी बोलते."

"आता क्लासमधी असन तो."

रविवारचा क्लास. मी नवऱ्याकडे पाहिलं, तर तो पायाच्या अंगठ्याकडे पाहत होता.

स्थळ पाहायला गेलं की पुरुषांनी बैठकीत ऐकायचं आणि बाईनं चुलीपाशी जाऊन खरं काय ते काढायचं, हे मला सासूबाईंनीच शिकवलं. त्यांचं एवढं एक ऋण मी मानते. मी उठून आत गेले. माझी जाऊ रसाबरोबरच्या पोळ्या लाटत होती. मूळची अंगानं चांगली भरलेली बाई, पण पाठीची हाडं दिसत होती आता. मी सरळच विचारलं, "ताई, पोरगा बरा आहे ना?"

लाटणं थांबलं. तव्यावरची पोळी करपायला लागली, ती मीच उलटली.

"संक्रांतीपासून त्याचा आवाज नाई आयकला वो," ती म्हणाली. इतक्या हळू, की मला जवळ सरकावं लागलं. "फोन उचलतच नाई. दर रविवारी सकाळी एक मेसेज येते. जेवलो, ठीक आहे. तेवढंच. एक अक्षर कमी नाई का जास्त नाई."

"कामात असेल," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

"मांगच्या महिन्यात माही माय गेली. तिच्याजवळच वाढला तो. म्या कळवलं, आजी गेली म्हनून. त्याचं उत्तर पाहा." पिठाच्या हातानं तिनं फोन माझ्यापुढे धरला. वर तिनं लिहिलेलं, आजी गेली. खाली त्याचं उत्तर. जेवलो, ठीक आहे.

मी गॅस बंद केला.

कोणाला विचारलं की नाही, असं मी म्हटलं. कॉलेजला लिहिलं होतं. पोरगा सज्ञान आहे, त्याची माहिती आईबापालाही देता येत नाही, असं त्यांनी कळवलं. तिच्या नवऱ्यानं तिला कुठे बोलायची बंदी केली होती, कारण थोरल्या मुलीची सोयरीक चालू होती आणि घरात असं काही आहे म्हटल्यावर लोक मागे सरतात. झाकली मूठ सव्वा लाखाची.

मग तिनं माझं मनगट धरलं. "तुमची पोरगी गेली का पयले त्याच्या खोलीवर जाईन ना? दार तरी वाजवून पाहीन. कोन राह्यते आतमधी, तेवढं तरी सांगन. तिथं आपलं मानूस पाह्यजे ना वो कोनी."

आम्ही जर्मनीत आपलं माणूस शोधत होतो. तेही तेच शोधत होते, आणि त्यांना ते सापडलं होतं. माझी एकवीस वर्षांची पोर. मला त्या बाईचा इतका राग आला, की हात झटकून निघून जावंसं वाटलं. पण तिनं माझं मनगट सोडलं नव्हतं. मी म्हणाले, "जाईल की. पहिल्याच दिवशी जाईल."

हे खोटं नव्हतं, तीच भीती होती. माझी पोरगी मुलखाची हट्टी. तिला हे कळलं असतं, तर ती विमानतळावरून सामानासकट ते दार वाजवायला गेली असती. आणि दार कोणी उघडलं असतं, याच्यापुढे माझं मन जाईना.

अमरावतीला परत येईस्तोवर मी तोंड उघडलं नाही. घरी पोरगी आंघोळीला गेल्यावर नवऱ्याला सगळं सांगितलं. त्यानं कपाटातून पोरीची फाईल काढली. मग म्हणाला, "आयर्लंडचे कोनते कागद बाकी हायेत?" पोरीला आम्ही कारण सांगितलं नाही. तिनं बापाच्या गळ्यात हात टाकले, आणि मी भाजी निवडायला बसले. एका आईला दिलेला शब्द मी मोडला होता, आणि मला हायसं वाटत होतं. याची लाज आजही वाटते.

पोरगी आयर्लंडला जाऊन पंधरा दिवस झाले असतील, तेव्हा जावेचा फोन आला. "निंगाली का पोरगी?"

"कुठलं काय, व्हिसाच मिळाला नाही," मी म्हणाले. आधीपासून घोकून ठेवलं होतं. "आता इथंच शिकेल."

ती रडेल, असं वाटलं होतं. ती म्हणाली, "बरं झालं बाई. लेकरू डोयासमोर राह्यलं. द्या बरं तिले फोन, दोन शब्द बोलू द्या."

"बाहेर गेली आहे."

"कवा येईन?"

"सांगून नाही गेली."



"आमी बी लोकाइले असंच सांगतो," ती म्हणाली आणि फोन ठेवला.